कार्यकर्ता थकतो तो आवक क्रमांकापाशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘चळवळी थंडावल्या’, ‘तरुणांना कशाचे काही पडलेले नाही’, ‘पूर्वीसारखे कार्यकर्ते आता राहिले नाहीत’ अशा आशयाचे लेख वर्षातून दोन-चारदा तरी वाचायला मिळतात. दोष बहुधा कार्यकर्त्याच्या मनाला दिलेला असतो. निष्ठा कमी पडली, मोबाइल आला, संसार आडवा आला. माहिती अधिकार, ग्रामसभा आणि वनहक्क या कामांत असलेल्या आम्हा काही जणांना हे निदान पटत नाही. विचार बदलला म्हणून घरी बसलेला कार्यकर्ता क्वचितच भेटतो. विचार तोच असतो, पण ‘करून काही होत नाही’ हे एकदा मनात पक्के बसलेले असते. ते कुठे बसले, याचा माग काढला तर ठिकाणे ठरावीक निघतात.

पहिले ठिकाण निवेदनाचे. पंधरा-वीस जण जमतात, तहसील कार्यालयासमोर घोषणा होतात, नायब तहसीलदार बाहेर येऊन निवेदन स्वीकारतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी छापूनही येतो. लोकांच्या लेखी आंदोलन इथे संपते आणि कागदाचा प्रवास सुरू होतो. निवेदन थेट मुख्यमंत्र्यांच्या नावे असेल तर तो आणखी लांबतो. मंत्रालयात आवक क्रमांक, म्हणजे आलेल्या कागदाचा नोंद क्रमांक, पडतो, मग संबंधित विभाग, विभागाकडून जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, तिथून गटविकास अधिकारी. प्रत्येक टप्प्यावर एका पानाचे पत्र वर जोडले जाते आणि त्यात थोड्याफार फरकाने तेच वाक्य असते: ‘सोबतच्या अर्जाबाबत नियमानुसार उचित कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे.’ अखेर तो कागद ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या, म्हणजे कालपर्यंतच्या ग्रामसेवकाच्या टेबलावर येतो. तक्रार त्याच्याच कारभाराची असली तरी येतो. ‘तक्रारीत तथ्य आढळून येत नाही’ असा अहवाल त्याच वाटेने वर चढतो आणि वरच्या सगळ्या कार्यालयांत प्रकरण निकाली निघते. यात कुणी कायदा मोडलेला नसतो, हे विशेष.

असे दोन-तीनदा झाले की माणूस खचतो. यात त्याचीही एक चूक असते आणि ती सुधारता येते. निवेदनाच्या माथ्यावर मुख्यमंत्री, पालकमंत्री, खासदार, आमदार, जिल्हाधिकारी, तहसीलदार अशी दहा नावे ‘प्रति’ म्हणून लिहिली की ते कुणाचेच काम राहत नाही. ‘प्रति’ एकच हवे आणि ते ज्याच्या सहीने निर्णय होतो त्या अधिकाऱ्याच्या पदनामाने हवे. बाकीच्यांना ‘प्रत माहितीसाठी’. मागणी एकच, तीही ‘योग्य ती कारवाई व्हावी’ अशी नको. कोणत्या रस्त्याचे, कोणत्या टाकीचे, कोणत्या यादीचे काय करायचे ते एका वाक्यात यावे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. फोटो नसला तरी चालतो, पोच नसली तर पुढचे काहीच करता येत नाही.

पुढचे म्हणजे काय? महाराष्ट्रात २००५चा एक कायदा आहे, बोलीभाषेत दफ्तर दिरंगाईचा कायदा. त्याच्या कलम १०प्रमाणे नेहमीची फाइल एका कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. तातडीची ४ दिवस, अतितातडीची एक दिवस. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत अंतिम निर्णय, गरज असेल तर तीन महिन्यांत. या कायद्याखाली कुणाला किती शिक्षा झाल्या, हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे: निवेदनातच ‘दि. अमुक रोजी ४५ दिवस पूर्ण होतात’ असे लिहिले की आपल्याला पुढची तारीख मिळते. थकणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त काय छळत असेल तर ते बेमुदत वाट पाहणे.

४६व्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज. इथे दुसरे ठिकाण लागते, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट आहे, कारण इथे माणसाने सगळे बरोबर केलेले असते. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जनमाहिती अधिकाऱ्याला ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील, त्याला २० रुपये. त्यावर निर्णयाला ३० दिवस, फार तर ४५. मग ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील, पुन्हा २० रुपये. म्हणजे अडीच महिन्यांत आपण आयोगाच्या दारात असतो. त्या दारात मात्र रांग आहे. २०२३ आणि २०२४मध्ये महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी पडून होत्या. दिरंगाईबद्दल रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, अशी दंडाची तरतूद कलम २०मध्ये आहे. पण ज्या सुनावणीत तो दंड व्हायचा ती सुनावणी दोन-दोन वर्षे लागत नसेल, तर त्या आकड्याला कोण भिणार? कार्यालयांनाही हे गणित ठाऊक आहे.

म्हणून दुसऱ्या अपिलावर काम अडवून ठेवू नये. ते दाखल करावे, वहीत नोंद करावी आणि दुसरी वाट धरावी. अर्ज फेटाळला जाण्याची कारणे ओळखीची आहेत. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, तो चार विषयांचा असतो. ‘रस्ता का केला नाही?’ असे विचारलेले असते. कायद्याने माहिती म्हणजे अभिलेखात जे आहे ते. ‘का’चे उत्तर तयार करून देण्याचे बंधन नाही. त्याऐवजी त्या कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापे जिच्यात नोंदतात तिची) पाने, देयकांच्या प्रती आणि निवेदनाच्या आवक क्रमांकावर झालेल्या टिपणीच्या प्रती मागाव्यात. मोजमाप पुस्तिकेच्या एका पानातून जे बाहेर येते ते दहा भाषणांतून येत नाही. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला म्हणून तो परत करता येत नाही, पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करावा लागतो, हे कलम ६(३) तोंडपाठ असावे. आणि महापालिका, जिल्हा परिषदा, जिल्हाधिकारी कार्यालये यांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहू द्यावेत, असा शासन निर्णय २०१८मध्ये निघालेला आहे. दोघांनी जाऊन दोन तास फाइल वाचली तर तीन महिन्यांचा पत्रव्यवहार वाचतो. या सोयीचा वापर इतका कमी का होतो, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

एक धोक्याची सूचना इथेच द्यावी लागते. तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहारांची माहिती काढणाऱ्या सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. जमीन, वाळू, बांधकाम या विषयांत अर्ज कधी एकट्याच्या नावाने करू नये. तोच अर्ज वेगवेगळ्या गावांतल्या पाच जणांनी वेगवेगळ्या दिवशी केला, तर एकाला गप्प करून माहिती थांबत नाही, आणि भीतीही पाच जणांत वाटली जाते.

आता हतबलतेविषयी. ती नेहमीच मनाची समजूत नसते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, त्याच सुमारास राज्यातल्या इतर अनेक महापालिकांची आणि जिल्हा परिषदांचीही संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. या काळात गटाराचे झाकण बसवायला कुणाला गाठायचे, हा प्रश्न खरा होता. नगरसेवक बरा असो की वाईट, त्याला पुढच्या निवडणुकीची काळजी असते. प्रशासकाला बदलीची असते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्यात लोकशाही दिन भरतो, तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते, पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावी लागते. शंभर सह्यांचे सार्वजनिक निवेदन घेऊन गेलेला माणूस तिथून हात हलवत परततो. (उपाय आहे, जरा हास्यास्पद आहे: शंभर जणांनी शंभर वैयक्तिक अर्ज द्यावेत.) मुंबईत आंदोलन करायचे तर आझाद मैदान, तिथल्या २०२५च्या नियमांत ५ हजार माणसे आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ६ ही वेळ. मोर्चाच्या आदल्या रात्री पोलीस ठाण्यातून नोटीस येते, पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ची असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ची.

आणि काही लढाया सगळे करूनही हरल्या जातात. मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेली आरेची झाडे हे अलीकडचे उदाहरण. लोक रस्त्यावर होते, याचिका होत्या, माध्यमे होती. ४ ऑक्टोबर २०१९ला, शुक्रवारी, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री कटर सुरू झाले. विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने सोमवारी तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. पुढे कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२मध्ये निर्णय पुन्हा फिरला, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आरेहून मेट्रो धावू लागली. यानंतर जे घरी बसले त्यांना ‘चिकाटी ठेवा’ म्हणणे उद्धटपणाचे आहे. त्यांची चिकाटी कुठेही कमी पडलेली नव्हती.

जे टाळता येते ते म्हणजे शेवट नसलेले आंदोलन. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला मुंबईतला गिरणी संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हरलो असे कुणी म्हटले नाही, पुढे काय करायचे तेही कुणी सांगितले नाही. माणसे एकेक करून गावाला गेली. त्या संपाच्या मागण्यांबद्दल कुणाचे काहीही मत असो, संघटनेच्या दृष्टीने ही सर्वांत महागडी गोष्ट होती. याउलट मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ला झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत दलित वस्त्यांनी जी किंमत मोजली तिला तोड नाही. पण मागणी पूर्ण झाली की नाही, हे विद्यापीठाच्या दारावर वाचता येणार होते. जी मागणी दारावर वाचता येत नाही, उदाहरणार्थ ‘व्यवस्था बदला’, तिच्यासाठी माणूस आयुष्यभर उभा राहू शकतो, पण मध्ये कुठेतरी त्याला मोजता येण्यासारखे काही हाती लागावे लागते.

मोजता येण्यासारखे म्हणजे कसे, याचे चांगले उदाहरण दारूबंदीचे मतदान. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी मागणी केली की मतदान होते, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. ८०० महिला मतदार असतील तर २०० सह्या आणि ४०१ मते. फसते कुठे, तर ‘एकूण’ या शब्दापाशी. झालेल्या मतदानाच्या निम्मे पुरत नाही. यादीत मयत, लग्न होऊन गेलेल्या, कामासाठी पुण्या-सुरतेला असलेल्या बायकांची नावे तशीच असतात आणि ती सगळी न पडलेली मते ठरतात. ८०० पैकी अशी १५० निघाली, तर प्रत्यक्ष गावात असलेल्या ६५० पैकी ४०१ मिळवावी लागतात. म्हणून पहिले दोन महिने घोषणांचे नव्हेत, यादीचे. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे नावे वगळण्याचे अर्ज आधी, सह्या नंतर. सह्या भरपूर जास्त घ्याव्यात, कारण पडताळणीत काही गळतात. आणि ऊसतोडीच्या किंवा भातलावणीच्या दिवसांत तारीख पडू देऊ नये. एवढे केले आणि तरी हरलो, तर किती मतांनी हरलो ते कळते. ३० मतांनी हरलेले गाव पुन्हा उभे राहते.

ग्रामसभेचेही असेच. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. गावाला नको असलेला विषय मंजूर करून घ्यायची ही जुनी वाट आहे: पहिली सभा ओस पडू द्यायची, दुसरीत वीस माणसांत उरकायचे. म्हणजे पहिल्या सभेला १०० माणसे नेणे हेच काम. सभा संपली की इतिवृत्त जागेवर वाचून घ्यायचे आणि आठवड्याच्या आत त्याची प्रत मागायची. इतिवृत्तात नंतर ओळ घालायला जागा ठेवलेली असते, ती शेवटच्या ओळीखाली रेघ मारून बंद करायला लावावी.

गडचिरोलीतले मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत असते ते ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे. घोषणेपेक्षा महत्त्वाचा होता तिथला अभ्यास गट. निर्णय घ्यायचा नाही, आंदोलन करायचे नाही, फक्त विषय समजून घ्यायचा, एवढेच त्याचे काम. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती, एवढ्या वर्षांत तिथली माणसे थकली नसतील असे नाही. पण ज्याला बोलायचा कंटाळा आला त्याला ऐकायला बसायची जागा होती. आपल्याकडे कार्यकर्ता एक तर व्यासपीठावर असतो नाहीतर घरी.

लेखी आश्वासनाबद्दल थोडे. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांना लेखी आश्वासने मिळाली. २०१९ आणि २०२३मध्ये पुन्हा मोर्चे काढावे लागले, कारण लेखी असणे पुरत नाही. प्रत्येक मागणीसमोर विभाग, अधिकाऱ्याचे पदनाम आणि तारीख असे तीन रकाने भरून घेतल्याशिवाय उपोषण सोडू नये. ‘सकारात्मक विचार करू’ हे शब्द आले की तो रकाना रिकामा आहे असे समजावे.

संघटनेच्या आतला थकवा वेगळाच. पाच माणसे, तीच पाच, अर्जही लिहितात, वर्गणीही काढतात, व्हॉट्सअॅपवर रात्री अकराला वादही घालतात. बैठक दीड तासाची असावी, संपताना कोण, काय, कधीपर्यंत हे फळ्यावर असावे. तारखांची एक वही असावी, मोबाइलमध्ये नव्हे, कारण मोबाइल माणसाबरोबर जातो. आवक क्रमांक, कार्यालय, मुदत संपण्याचा दिवस, पुढची पायरी, जबाबदार व्यक्ती एवढे रकाने पुरेत. ही वही दर सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या हाती जावी. ज्याला थांबायचे आहे त्याने वही देऊन तीन महिने किंवा कायमचे थांबावे, त्याला कुणी जाब विचारू नये. बिनासूचना गळणाऱ्या माणसापेक्षा वही देऊन जाणारा माणूस कधीही बरा, आणि असे गेलेले पुष्कळदा परत येतात.

तरुणांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, तिच्याबद्दल मोठे नेते बोलत नाहीत: गुन्हे. जमावबंदी मोडल्याचा साधा गुन्हा, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ व १३५, पासपोर्टच्या आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत समोर येतो. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय शासन अधूनमधून काढते. जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचे नुकसान ५ लाखांच्या वर नसावे आणि गुन्हा ठरवून दिलेल्या तारखेआधीचा असावा, या त्यांच्या साधारण अटी. प्रत्येक गुन्ह्याचा क्रमांक, पोलीस ठाणे, दोषारोपपत्राची तारीख अशी यादी संघटनेने तयार ठेवली तर असा निर्णय निघाल्या आठवड्यात अर्ज जाऊ शकतो. ज्या संघटनांनी ही यादी केलेली नाही, त्यांनी विशीतल्या मुलांना मोर्च्यात पुढे उभे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संपादक महोदय, एक काम आपल्याला करता येण्यासारखे आहे. उपोषण सुटल्याची, लिंबूपाणी पाजल्याची बातमी आपण छापता. त्या पत्रात कोणती तारीख दिली होती ती आपल्या वार्ताहराने त्याच दिवशी टिपून ठेवावी आणि जिल्हा पानावर दर सोमवारी चार ओळींची चौकट द्यावी: या आठवड्यात कोणत्या कार्यालयाने दिलेल्या कोणत्या आश्वासनाची मुदत संपते. टीका नको, अग्रलेख नको. पदनाम आणि तारीख पुरे. सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करायची तयारी असेल तर आमच्या वहीतल्या अशा तारखा, पोचेच्या छायाप्रतींसह, आम्ही द्यायला तयार आहोत.

आपले,
माहिती अधिकार, ग्रामसभा व वनहक्क या क्षेत्रांत काम करणारे काही कार्यकर्ते